लवकर निवृत्ती : सहीआधी पूर्ण हिशेब हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या कंपनीची किंवा बँकेची लवकर निवृत्तीची योजना जाहीर झाली की बातमीत बहुधा दोन आकडे असतात: किती कर्मचाऱ्यांनी अर्ज केले आणि व्यवस्थापनाचा पगारावरचा किती खर्च वाचणार. जाणाऱ्या माणसाचे नेमके काय होणार, याचा आकडा कुठेच नसतो. पंचावन्नाव्या वर्षी केलेली एक सही पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे उत्पन्न ठरवून टाकते आणि ती सहसा मागे घेता येत नाही. तरीही बहुतेक जण ती एका ठोक रकमेकडे बघून करतात. हा हिशेब कसा मांडावा, फसगत कुठे होते आणि नियमांत काय बदलावे, हे वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण या विषयात थोडक्यात सांगायला गेले की जे महागात पडते नेमके तेच निसटते.

आधी पेन्शन. ठरलेल्या वयाआधी पेन्शन सुरू केली की बहुतेक देशांत ती कापली जाते. जर्मनीत ही कपात दर महिन्याला ०.३ टक्के, कॅनडात ०.६ टक्के, जपानमध्ये एप्रिल २०२२ पासून ०.४ टक्के आहे. अमेरिकेत १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळते. ६२ व्या वर्षी घेतली तर ती ३० टक्क्यांनी कमी होते. भारतातल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनचे वय ५८ आहे, पन्नाशीनंतर ती आधी घेता येते आणि कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. पूर्ण वय झाले की ही कपात थांबेल आणि पेन्शन मूळ आकड्यावर येईल, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. कपात झालेला आकडा हाच आयुष्यभराचा पाया, आणि पुढची महागाईवाढ, मिळालीच तर, त्या पायावरच.

ही कपात म्हणजे नुकसानीचा एकच थर. दुसरा थर कमी भरलेल्या सेवेच्या वर्षांचा आणि तिसरा गोठलेल्या पगाराचा. एक सरळ उदाहरण घेऊ. शेवटच्या पगारावर, सेवेच्या प्रत्येक वर्षाला दीड टक्का, अशी पेन्शन आहे. कर्मचारी ५५ वर्षांचा आहे, सेवा ३० वर्षे झाली आहे आणि आजचा वार्षिक पगार १०० मानू. तो साठीपर्यंत थांबला आणि पगार वर्षाला ५ टक्के वाढला तर शेवटचा पगार १२७.६ होतो, सेवा ३५ वर्षे होते आणि पेन्शन ५२.५ टक्के, म्हणजे ६७. आज बाहेर पडला तर ३० वर्षांचे ४५ टक्के, म्हणजे ४५. त्यातून पाच वर्षांची २० टक्के कपात गेली की हातात ३६. माहितीपत्रकात '२० टक्के कपात' लिहिलेली असते आणि ती खरीही असते. पण माणसाच्या हाती येते ती थांबला असता तर मिळाली असती त्या पेन्शनच्या जेमतेम ५४ टक्के.

पाच वर्षे आधी सुरू झालेल्या पेन्शनचे पैसे मिळतात हेही धरायलाच हवे. पाच वर्षांचे ३६ प्रमाणे १८०. नंतर दरवर्षी ३१ ची तूट. म्हणजे हे १८० सहाएक वर्षांत, वयाच्या सहासष्टीच्या आसपास संपतात. मधल्या पैशावर ५ टक्के व्याज धरले तरी ही रेषा, म्हणजे आधी मिळालेले आणि नंतर गमावलेले बरोबरीला येण्याचे वय, अडुसष्टच्या पुढे फारशी सरकत नाही. त्यानंतर जितकी वर्षे आयुष्य, तितकी वर्षे तूट. हीच आकडेमोड अमेरिकेच्या नियमावर केली, ६२ व्या वर्षी ७० आणि ६७ व्या वर्षी १००, तर व्याज न धरता रेषा ७८ वर्षे ८ महिन्यांवर येते. तिथे कपातीचा दर सरासरी आयुर्मानाशी बऱ्यापैकी जुळवलेला आहे आणि पेन्शन शेवटच्या पगारावर नसून ३५ वर्षांच्या कमाईच्या सरासरीवर आहे, म्हणून हा फरक. तेव्हा योजनेत पहिला प्रश्न विचारायचा तो हा: पेन्शन शेवटच्या पगारावर की संपूर्ण सेवेच्या सरासरीवर? शेवटच्या पगारावर असेल तर शेवटची पाच वर्षे ही सगळ्या सेवेतली सर्वांत मोलाची वर्षे असतात, आणि योजना नेमकी तीच मागत असते.

आता ठोक रक्कम. 'सेवेच्या प्रत्येक वर्षामागे दीड महिन्याचे वेतन' हे ऐकायला भरघोस वाटते. ३० वर्षांचे ४५ महिने. पण हे वेतन बहुधा मूळ वेतन असते, फार तर त्यात महागाई भत्ता मिळवलेला. मूळ वेतन हातात येणाऱ्या पगाराच्या निम्मे असेल, तर ४५ महिन्यांचे प्रत्यक्षात साडेबावीस महिने होतात. नियत निवृत्तीला ६० महिने उरले असतील तर साडेसदतीस महिन्यांचा पगार माणूस सोडून देतो आहे. शिवाय पुढच्या वेतनवाढी, मालकाचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा, शिल्लक रजेची वाढणारी किंमत, वैद्यकीय सोय, सवलतीच्या कर्जाचा व्याजदर, हे सगळे त्या दिवशी थांबते. कर्जाचे कलम तर मुद्दाम वाचावे. नोकरी सुटताच सवलतीचा दर जाऊन बाजारदर लागू होतो किंवा उरलेले सगळे कर्ज अंतिम देण्यातून एकरकमी वळते करून घेतात, असा करार पुष्कळ ठिकाणी असतो. मग मोठी दिसणारी रक्कम बँकेत जमा होण्याआधीच अर्धी झालेली असते.

एक कागद घ्यावा आणि तीन रकाने आखावेत. पहिल्यात नियत निवृत्तीपर्यंत थांबल्यास वर्षागणिक काय मिळेल, दुसऱ्यात आज गेल्यास काय मिळेल, तिसऱ्यात दोन वर्षांनी गेल्यास काय. तिसरा रकाना बहुतेक जण मांडतच नाहीत, आणि अनेकदा निर्णय तिथेच दडलेला असतो: पेन्शनसाठी लागणारी किमान सेवा पूर्ण होणे, एखादा वेतनकरार लागू होणे, मुलाचे शिक्षण संपणे. रकाने ८५ व्या वर्षापर्यंत न्यावेत. सरासरी आयुर्मान हे जन्मापासूनचे असते, साठी गाठलेल्या माणसाचे अपेक्षित आयुष्य त्याहून बरेच पुढे जाते. जोडीदार वयाने लहान असेल तर कुटुंब पेन्शनसाठी रकाना आणखी लांबवावा आणि मूळ पेन्शनवरची कपात कुटुंब पेन्शनलाही लागते का, हे लेखी विचारावे. महागाई धरल्याशिवाय यातला एकही आकडा खरा नसतो. महागाई वर्षाला ६ टक्के असेल तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. महागाईशी न जोडलेली पेन्शन घेऊन ५५ व्या वर्षी बाहेर पडलेला माणूस ६७ व्या वर्षी निम्म्या पेन्शनवर असतो आणि ७९ व्या वर्षी पाव.

ठोक रक्कम गुंतवून 'पहिल्या वर्षी चार टक्के काढा, पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत काढत राहा, पैसा पुरतो' हा सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो. अमेरिकी वित्त सल्लागार विल्यम बेन्गेन यांनी १९९४ मध्ये तो मांडला तेव्हा तो अमेरिकी शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर आणि ३० वर्षांच्या मुदतीसाठी होता. ५२ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला ४० वर्षे पुरवायची असतात. आणि नुकसान सरासरी परताव्याने होत नाही, क्रमाने होते. पहिल्या तीन-चार वर्षांत बाजार पडला आणि त्याच वेळी खर्चासाठी पैसे काढावे लागले तर विकलेले युनिट परत येत नाहीत; पुढे बाजार कितीही चढला तरी चढायला पुंजीच उरलेली नसते. म्हणून निदान चार-पाच वर्षांचा खर्च ठेवींत बाजूला काढल्याशिवाय उरलेल्या रकमेला बाजार दाखवू नये.

आरोग्यविम्याची फट वेगळी सांगायला हवी, कारण ती सहीच्या दिवशी दिसत नाही. मालकाचा सामूहिक विमा साधारणतः सेवेच्या शेवटच्या दिवशी संपतो. वैयक्तिक पॉलिसी त्यानंतर घ्यायला गेले की वय, आधीचे आजार आणि प्रतीक्षाकाळ हे तिन्ही एकदम आडवे येतात. अमेरिकेत ६२ ला पेन्शन मिळू शकते, पण वृद्धांची सरकारी आरोग्ययोजना ६५ पासून सुरू होते. मधली तीन वर्षे हा तिथला ठरलेला खड्डा आहे. उपाय साधा आहे: वैयक्तिक पॉलिसी नोकरीत असतानाच, निदान प्रतीक्षाकाळ संपेल इतकी आधी घेऊन ठेवायची.

आता 'स्वेच्छा' या बाजूकडे वळतो. लवकर जाणाऱ्यांत खरोखर जायचे असणारे असतात. त्यांच्या निर्णयावर कोणाचा आक्षेप असायचे कारण नाही. पण योजना जाहीर झाल्यावर विशिष्ट वयाच्या लोकांच्या दूरच्या बदल्या निघणे, रात्रपाळ्या वाढणे, नव्या यंत्रणेच्या प्रशिक्षणाच्या यादीतून नेमकी त्यांची नावे वगळली जाणे, आणि 'पुढची योजना इतकी चांगली नसेल' असे कानावर घालत राहणे, हे इतक्या ठिकाणी सारखेच घडते की त्याला योगायोग म्हणता येत नाही. मुदत पंधरा दिवसांची असते. पंधरा दिवसांत तीन रकाने मांडून होत नाहीत; सेवापुस्तकातल्या नोंदी दुरुस्त करून घेणेसुद्धा होत नाही.

अमेरिकेने यावर १९९० मध्ये कायदा केला आणि त्याचे तपशील अनुकरण करण्याजोगे आहेत. समूहासाठी योजना काढून कर्मचाऱ्याकडून हक्कसोड, म्हणजे नंतर दावा न करण्याची कबुली, लिहून घ्यायची असेल तर वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला विचार करायला किमान ४५ दिवस द्यावे लागतात. सही केल्यानंतरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. वकिलाचा सल्ला घ्या, असे लेखी सांगावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या विभागात कोणत्या पदावरचे, कोणत्या वयाचे किती लोक योजनेत धरले आणि किती धरले नाहीत, याची यादी हातात द्यावी लागते. ही यादी समोर आली की वय बघून निवड झाली की काम बघून, हे झाकून राहत नाही. यातले काही चुकले तर ती हक्कसोड वयाच्या भेदभावाच्या दाव्यापुरती टिकत नाही.

मालकवर्गाचीही इथे एक मोठी चूक होते. योजना सर्वांना खुली ठेवली की आधी अर्ज करतात ते बाहेर लगेच काम मिळू शकणारे, म्हणजे कामात सर्वांत तरबेज असलेले. ज्यांना कुठे जायला जागा नाही ते राहतात. वर्ष उलटत नाही तोच गेलेल्यांपैकी काही जण सल्लागार किंवा कंत्राटी म्हणून, बहुधा जास्त दराने, परत बोलावले जातात. पगाराच्या लेख्यात बचत दिसते आणि कंत्राटांच्या लेख्यात ती वाहून गेलेली असते. दोन्ही लेखे एकत्र कोणी वाचत नाही.

या योजनांचे सर्वांत लोकप्रिय समर्थन म्हणजे 'ज्येष्ठ गेले की तरुणांना जागा होतात.' हा विचार युरोपने १९७० आणि ८० च्या दशकांत मनापासून राबवून पाहिला. ब्रिटनने १९७७ ते १९८८ या काळात अशी योजना चालवली, फ्रान्सने १९८२ मध्ये निवृत्तीचे वय ६० वर आणले, जर्मनीने १९८४ मध्ये ५८ व्या वर्षापासून जाण्याचा कायदा केला. ब्रिटनच्या योजनेत निदान एक प्रामाणिक अट होती: जागा रिकामी झाली की मालकाने बेरोजगार माणूस भरलाच पाहिजे. भारतात स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१०सी) खाली जी करसवलत मिळत आली, तिच्यासाठीच्या नियम २बीए मध्ये नेमकी उलटी अट आहे: योजनेमुळे एकूण कर्मचारीसंख्या कमी झाली पाहिजे आणि रिकामी झालेली जागा भरता कामा नये. म्हणजे तरुणांसाठी जागा करून देतो म्हणणारी योजना जागा भरली तर करसवलतीलाच मुकते. हे कलम योजनेच्या जाहीर चर्चेत क्वचितच कोणी वाचून दाखवते.

जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज या अर्थतज्ज्ञांच्या पुढाकाराने १२ देशांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्येष्ठांचे कामातले प्रमाण घटले म्हणून तरुणांचे वाढले, असा पुरावा त्यात मिळाला नाही. बहुतेक ठिकाणी दोन्ही गटांचा रोजगार बरोबरच वाढतो आणि बरोबरच घटतो. कारण समजायला अवघड नाही. कामावर असलेला ज्येष्ठ कमावतो, खर्च करतो, कर भरतो. घरी गेला की त्याची पेन्शन उरलेल्या कामगारांच्या वर्गणीतून जाते, वर्गणी वाढते आणि नवा माणूस ठेवणे महाग होते. मात्र एका कंपनीच्या भिंतींच्या आत चित्र वेगळे असू शकते, हे मान्य करायला हवे. इटलीने २०११ मध्ये निवृत्तीचे वय अचानक वाढवले तेव्हा ज्या कंपन्यांत जास्त ज्येष्ठ अडकून राहिले तिथे तरुणांची भरती आणि बढत्या काही काळ मंदावल्या. तेव्हा धडा दोन्हीकडे लागू आहे: वय एका रात्रीत वाढवू नये आणि एका कंपनीचा अनुभव देशाला लावू नये.

नियम कुठे रेघ ओढतात त्यावर कोणाला काढले जाते हे किती थेट ठरते, याचे फिनलंडइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तिथे ठराविक वयानंतर नोकरी गेली तर बेरोजगार भत्ता थेट पेन्शन सुरू होईपर्यंत वाढवून मिळत असे. लोक या वाटेला 'बेरोजगारीचा बोगदा' म्हणत. १९९७ पूर्वी बोगद्याचे तोंड ५३ व्या वर्षी होते, आणि नोकरकपातीची वेळ आली की कंपन्या त्रेपन्न पार केलेल्यांनाच आधी काढत. सरकार सांभाळणार असल्याने कामगार संघटनाही फारसा विरोध करत नसत. १९९७ मध्ये मर्यादा ५५ केली आणि ५३-५४ वयाच्या लोकांच्या नोकऱ्या जाण्याचे प्रमाण लगेच खाली आले. त्या दोन वर्षांच्या लोकांची तब्येत किंवा कौशल्य एका वर्षात बदलले नव्हते. बदलली होती फक्त रेघ. पण नुसती रेघ वर नेणे पुरत नाही. ऑस्ट्रियाने २००० पासून लवकर पेन्शनचे वय पुरुषांसाठी ६० वरून ६२ कडे आणि स्त्रियांसाठी ५५ वरून ५८ वर्षे ३ महिन्यांकडे टप्प्याटप्प्याने नेले. त्या वयोगटात रोजगार वाढला खरा, पण बेरोजगारीही जवळपास तितकीच वाढली. एक दार बंद झाले तेव्हा काम करू शकणारे कामावर राहिले आणि बाकीचे बेरोजगार भत्त्याच्या दाराशी गेले.

म्हणूनच काम ज्येष्ठांना झेपेल असे करणे हा विषय सवलतींच्या वर हवा. जर्मनीतल्या डिंगॉल्फिंग इथल्या बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ मध्ये एका उत्पादन-रांगेवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे ४२ कामगार नेमले, दहा वर्षांनी सगळ्या कारखान्याचे वय जे होणार होते तेवढ्या वयाचे. मग त्यांनाच विचारून सत्तरएक छोटे बदल केले. काँक्रीटच्या जागी लाकडी जमीन, म्हणजे गुडघ्यांवर हिसका कमी आणि अंगात स्थिर विजेचा झटका नाही. उंची बदलता येणाऱ्या खुर्च्या, म्हणजे काही कामे बसून. बारीक भागांसाठी लवचीक दांड्यावरची भिंगे. पडद्यावर मोठी अक्षरे. अंगाचा एकच भाग शिणू नये म्हणून पाळीतच कामांची अदलाबदल. या बदलांना कामगारांचा वेळ धरून सुमारे ४० हजार युरो लागले आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. यातला एकही बदल अवघड नाही. अवघड असते ते कामगाराला विचारणे.

कोणाला कुठे त्रास होतो हे ओळखायचे साधनही तयार आहे. फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत युहानी इल्मारिनेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कार्यक्षमता निर्देशांक बनवला. सात बाबी, ७ ते ४९ गुण. ३७ किंवा वर असेल तर चांगले, २८ ते ३६ म्हणजे काम बदलायची, भार हलका करायची वेळ, २७ किंवा खाली म्हणजे तातडीने वैद्यकीय मदत आणि पर्यायी काम. दर दोन वर्षांनी पंचेचाळिशीपासून हे मोजत गेले तर घसरण पाच-सात वर्षे आधी दिसते. साधन मात्र कंपनीच्या डॉक्टरकडे किंवा बाहेरच्या डॉक्टरकडे असावे. गुण कार्मिक विभागाकडे गेले की तीच कोणाला काढायचे याची यादी होते, आणि मग कोणी खरे उत्तर देत नाही.

अर्धवेळाची सोय मला या सगळ्यात सर्वांत उपयुक्त वाटते, आणि तीच सर्वांत वाईट रीतीने राबवली जाते. स्वीडनने १९७६ मध्येच साठीनंतर तास कमी करून बुडालेल्या पगाराची काही भरपाई पेन्शनमधून द्यायला सुरुवात केली होती. जर्मनीने १९९६ मध्ये ५५ नंतर अर्धवेळाचा कायदा केला, पण त्यात एक पळवाट ठेवली: पहिला अर्धा काळ पूर्ण वेळ काम आणि उरलेला अर्धा काळ पूर्ण सुट्टी, पगार दोन्ही काळांत सारखा. बहुसंख्यांनी हाच पर्याय घेतला आणि हळूहळू बाहेर पडण्याची योजना नेहमीच्या लवकर निवृत्तीसारखी झाली. दुसरी चूक पेन्शनच्या पायाची. पेन्शन शेवटच्या पगारावर असेल आणि शेवटची दोन वर्षे निम्म्या पगारावर काढली तर पेन्शन निम्म्यावर येऊ शकते. मग शहाणा माणूस अर्धवेळ घेणारच नाही. म्हणून अर्धवेळ सुरू होण्याआधीचा पगार पेन्शनपुरता गोठवून ठेवावा आणि वर्गणी पूर्ण पगारावर चालू राहावी. एवढे एक कलम नसेल तर बाकीची योजना कागदावरच राहते.

अर्धवेळाचा कामाच्या दृष्टीने खरा फायदा काम सोपवण्यात आहे. शेवटच्या महिन्यात फायली आणि किल्ल्या हातात देणे म्हणजे काम सोपवणे नव्हे. अनेक कामे वर्षातून एकदाच येतात: वार्षिक ताळेबंद, यंत्रांची मोठी देखभाल, लेखापरीक्षण, परवान्यांचे नूतनीकरण. त्यामुळे सोपवण्याचा काळ बारा महिन्यांहून कमी असेल तर यातले काहीतरी नव्या माणसाने जुन्याबरोबर एकदाही केलेले नसते. पहिल्या सहा महिन्यांत जुन्याने करावे आणि नव्याने शेजारी राहावे, पुढच्या वर्षभरात नव्याने करावे आणि जुन्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस हजर असावे, हा क्रम जिथे पाळला जातो तिथे सल्लागार म्हणून परत बोलावण्याची वेळ येत नाही.

ज्येष्ठता तशी पगारवाढ, ही पद्धतही यात गुंतलेली आहे. सुरुवातीला कामापेक्षा कमी आणि उत्तरार्धात कामापेक्षा जास्त पगार, असा अलिखित करार असेल तर मालकाला शेवटची तारीख हवीच असते. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी १९७९ मध्ये हे स्पष्ट मांडले. जपानने कंपन्यांवर ६५ पर्यंत काम देण्याची जबाबदारी टाकली तेव्हा बहुतेकांनी साठीला निवृत्त करून, कमी पगारावर वर्षावर्षाच्या कराराने परत घेण्याची वाट धरली. त्याच खुर्चीवर तेच काम आणि पगार बराच कमी, हे टोचते. तरीही पूर्ण बाहेर पडण्यापेक्षा ते पुष्कळांना बरे वाटते, कारण पन्नाशीनंतर एकदा सुटलेले काम पुन्हा मिळणे फार कठीण असते. अमेरिकेत ४० हजारांहून अधिक बनावट अर्ज पाठवून केलेल्या पाहणीत साठी ओलांडलेल्या उमेदवारांना, विशेषतः स्त्रियांना, मुलाखतीची बोलावणी तरुणांपेक्षा स्पष्टपणे कमी आली. अर्जातली पात्रता सारखी होती.

एक गट मात्र असा आहे की ज्याला लवकर जाऊ दिलेच पाहिजे: वयाच्या सोळा-अठराव्या वर्षापासून अंगमेहनतीचे काम करणारे. पदवी घेऊन पंचविशीत लागलेल्या माणसाची आणि यांची रेघ एकाच वयावर ओढणे अन्यायाचे आहे. पंचावन्नाव्या वर्षी यांची सेवा त्याच्यापेक्षा सातआठ वर्षांनी जास्त झालेली असते. जर्मनीने २०१४ मध्ये ४५ वर्षे वर्गणी भरलेल्यांना ६३ पासून कपातीविना पेन्शन दिली. कल्पना बरोबर, पण ४५ वर्षे पुरी करतात ते स्थिर नोकरीतले, धडधाकट लोक. पाठीच्या दुखण्याने मध्ये कामे सुटलेला बांधकाम कामगार किंवा घरातल्या आजाऱ्यांसाठी नोकरी सोडलेली स्त्री त्या आकड्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. आजारपणाची आणि शुश्रूषेची वर्षे मोजणीत पुरेपूर धरली तरच या सवलतीचा लाभ ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना होईल.

हे सगळे पाहता माझ्या मागण्या मोजक्या आहेत. योजना काढणाऱ्याने प्रत्येक पात्र कर्मचाऱ्याला, थांबल्यास आणि गेल्यास ८५ वर्षांपर्यंत काय मिळेल याचा तुलनात्मक तक्ता स्वतः सहीनिशी द्यावा. विचाराला ४५ दिवस आणि सही मागे घ्यायला किमान ७ दिवस असावेत. पात्र आणि वगळलेल्यांची वयानुसार यादी खुली असावी. पूर्ण निवृत्तीचा देकार दिला तर त्याच पत्रात पेन्शनचा पाया गोठवून अर्धवेळाचाही देकार असावा. करसवलतीतली जागा न भरण्याची अट काढावी. आणि योजना संपल्यावर एक वर्षाने व्यवस्थापनाने तीन आकडे जाहीर करावेत: गेलेल्यांच्या जागी किती नवे कायम कर्मचारी आले, किती कंत्राटी आले आणि गेलेल्यांपैकी किती परत बोलावले. पुढची योजना मंजूर करण्याआधी हे तीन आकडे संचालक मंडळासमोर आणि कामगार संघटनेसमोर ठेवणे बंधनकारक असावे.

कळावे,
आपली,
निवृत्तिवेतन आणि कामगार कायद्यांची एक अभ्यासक